उंबरठ्याबाहेरच थांबणारी रेंज

नव्या वसाहतीत राहायला गेलेल्या माणसाची शेजाऱ्यांशी ओळख साधारणपणे पाण्याच्या वेळेवरून, कचऱ्याच्या गाडीवरून किंवा वाहने उभी करण्याच्या जागेवरून होते. आमची झाली ती अकराव्या मजल्यावरील जिन्याच्या खिडकीपाशी. पुण्याच्या नारायण पेठेतील जुने घर सोडून आम्ही सूस गावातील एका नव्या इमारतीत राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी समोरच्या सदनिकेतील गृहस्थ त्या खिडकीतून हात बाहेर काढून उभे असलेले दिसले. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची एक मुलगी मोबाइल घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. ''काका, इथे दोन दांड्या मिळतात, घरात एकही नाही,'' असे तिने मला सांगितले, तेव्हा मी हसलो. पुढच्या आठवड्यात त्या रांगेत मीही होतो.

प्रारंभी ही गैरसोय विनोदाचा विषय होती. गॅसचे सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात उभा राही आणि त्याला सांगायचा क्रमांक येण्यासाठी मी जिन्याकडे धावे. बँकेचा सांकेतिक क्रमांक त्याची मुदत संपल्यावर उगवे. विनोद संपला तो पावसाळ्यातील एका रात्री. आईला घेरी आली. तिचे वय ७८. तिच्या खोलीत माझ्या मोबाइलवर एकही दांडी नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावण्यासाठी मला तिला पलंगावर एकटी सोडून, दोन दारे ओलांडून खिडकीपाशी जावे लागले. घेरी साधी होती, रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलून भागले. पण ती पाच-सहा मिनिटे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडे तक्रार नोंदवली. तीन दिवसांनी उत्तर आले : आपल्या परिसरात आमचे नेटवर्क समाधानकारक आहे, तक्रारीचे निराकरण झाले आहे. संताप आला, परंतु खाली रस्त्यावर उतरून पाहिले, तर मोबाइलवर सर्व दांड्या भरलेल्या. कंपनी खोटे बोलत नव्हती. तिचा परिसर रस्त्यावर संपत होता आणि माझा तेथे सुरू होत होता. या लहानशा अंतरात आपल्या दूरसंचार धोरणातील एक मोठे भगदाड दडलेले आहे.

तारेच्या फोनच्या काळात हे भगदाड नव्हते. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. फोन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि घर बदलले की तो नव्या पत्त्यावर आणण्यासाठी अर्ज, खेटे आणि ओळखीपाळखी हे सारे आले. मात्र एक गोष्ट निर्विवाद होती. तार घरात येत असे. दूरध्वनी खात्याची जबाबदारी कोठे संपते, हे भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवून सांगता येई. तेथे आवाज येत नसेल, तर फोन बंद आहे हे लाइनमनलाही नाकारता येत नसे. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, फोन तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास भाड्यात सूट देण्याचे बंधनही घातले. मोबाइल आला, तार गेली आणि तिच्याबरोबर ती डबीही गेली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल कॉल केला, त्या दिवसापासून आजपर्यंत ही सेवा ग्राहकाला नेमकी कोणत्या बिंदूपर्यंत पोहोचवायची आहे, हे घराच्या हिशेबात कोणी ठरवलेले नाही.

सरकारने अटी घातल्या नाहीत असे नाही. परवान्यांत महानगरांसाठी ९० टक्के क्षेत्र व्यापण्याची अट होती. इतर परिमंडळांत जिल्ह्याच्या ठिकाणांची ठरावीक टक्केवारी गाठायची होती आणि तेथेही व्याप्ती मोजली जाई ती पालिकेच्या हद्दीतील. सूससारख्या गावांची गंमत येथेच आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. सूस त्या २३ गावांतले. इमारती मात्र हद्द येण्याची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. शेते बिनशेती झाली, मजल्यांवर मजले चढले, माणसे राहायला आली. रस्ता, सांडपाणी आणि पाणी या तिन्ही गोष्टी मागून आल्या किंवा अजून यायच्या आहेत. टँकर दिसतो, म्हणून पाण्याच्या टंचाईची बातमी होते. रेंजची टंचाई दिसत नाही.

ती मोजण्याची रीतही अशी की, सर्वांत मोठा दोष तिच्यातून निसटावा. सेवेच्या गुणवत्तेचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निकष म्हणजे 'कॉल ड्रॉप'. बोलणे चालू असताना मध्येच तुटलेल्या कॉलचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे, अशी अपेक्षा. हे प्रमाण दीर्घकाळ संपूर्ण परिमंडळाच्या सरासरीने काढले जाई आणि मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या सरासरीत सूसमधील एका शयनगृहाचे काय दिसणार? पण त्याहून मूलभूत गोष्ट निराळी आहे. कॉल तुटण्यासाठी तो आधी लागावा लागतो. जेथे रेंजच नाही तेथे कॉल लागत नाही, म्हणून तो तुटतही नाही. माझा मोबाइल आईच्या खोलीत मुका पडलेला असतो तेव्हा कंपनीच्या यंत्रणेत त्याची काहीच नोंद होत नाही. तो बंद करून ठेवलेल्या मोबाइलसारखाच दिसतो. सेवा जितकी वाईट तितकी तक्त्यावर ती निर्दोष, असा हा प्रकार आहे.

'ट्राय'ने ऑक्टोबर २०१५ मध्ये तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, भरपाई देण्याचा नियम केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि अवाजवी ठरवून रद्द केला. कॉल तुटण्यात दोष ग्राहकाच्या बाजूचाही असू शकतो, हा त्यातील एक मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. पण भरपाईच्या या प्रयत्नातही रेंज नसलेल्या ग्राहकाला एक पैसाही मिळणार नव्हता, हे त्या वेळच्या गदारोळात कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता रेंज घरात का शिरत नाही, ते पाहू. सरसकट 'टॉवर कमी आहेत' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते अंशतः खरे आहे. नारायण पेठेतील आमचे घर वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन मजली इमारतीत होते. भिंती विटांच्या, खिडक्या लाकडी, आणि मनोरा हाकेच्या अंतरावरील एका गच्चीवर. नव्या इमारतीत वीट जवळजवळ नाही. अॅल्युमिनियमच्या साच्यांत एकसंध काँक्रीट ओतून मजला आणि भिंती एकाच वेळी उभ्या करायच्या, या बांधकामाच्या पद्धतीला आपल्याकडे 'मायवान' म्हणतात. काम झपाट्याने होते, गिलाव्याचा खर्च वाचतो, भिंत सरळसोट येते. त्या भिंतीत लोखंडी सळ्यांची जाळी असते. म्हणजे पूर्वी केवळ खांब आणि तुळयांत असलेले लोखंड आता प्रत्येक खोलीच्या चारी बाजूंना पसरले. त्यात उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असलेल्या काचा आल्या. उन्हाबरोबर रेडिओलहरीही परततात. घर थंड राहते आणि मोबाइलही.

मी एका रविवारी घरभर फिरून आकडे टिपले. अँड्रॉइडच्या बहुतेक मोबाइलमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची शक्ती 'डीबीएम' या एककात दिसते. हा आकडा ऋण असतो आणि तो जितका मोठा तितका सिग्नल दुबळा. जिन्याच्या खिडकीत उणे ९८, जेवणाच्या मेजापाशी उणे ११२, आईच्या खोलीत उणे ११८ आणि दार लावले की सेवाच नाही. खिडकी आणि ती खोली यांत २० डेसिबलचा फरक आहे. दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते, या हिशेबाने खिडकीतल्या सिग्नलचा शंभरावा भाग त्या खोलीत पोहोचतो. दांड्यांवर विसंबण्यात मात्र अर्थ नाही. किती शक्तीला किती दांड्या, हे मोबाइल बनविणारी कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. दांड्या दाखवण्याचे आपले सूत्र चुकीचे होते, अशी कबुली अॅपलने २०१० मध्ये जाहीर पत्रातून दिली होती.

उंचीचीही एक गंमत आहे. उंचावर रेंज उत्तम असणार, असे वाटते. परंतु मनोऱ्यावरील अँटेना खाली, वस्तीकडे झुकवलेले असतात. अकराव्या मजल्याच्या वर जवळच्या मनोऱ्याचा झोत चुकतो आणि दूरवरच्या पाच-सहा मनोऱ्यांचे दुबळे सिग्नल एकाच वेळी येऊ लागतात. मोबाइल क्षणात याच्याकडे, क्षणात त्याच्याकडे धावतो. बोलणे तुटते ते अशाने. शिवाय सूसच्या बाजूला टेकड्या आहेत आणि टेकडीच्या सावलीत ऊन जसे पोहोचत नाही तसा सिग्नलही. अधिक कंप्रतेच्या लहरी भिंती ओलांडताना अधिक थकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली फाइव्ह-जी सेवा बव्हंशी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालते. जाहिरातीतील तिचा वेग खरा असतो, पण तो गच्चीवर किंवा खिडकीत.

मग कंपनी बदलावी, असा सल्ला हमखास मिळतो. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि एकाच परिमंडळात हा बदल तीन कामकाजाच्या दिवसांत व्हावा, असा डिसेंबर २०१९ पासूनचा नियम आहे. सोय चांगलीच. परंतु बाजारात निवड करण्याजोगे उरले कोण? २००८ च्या सुमारास डझनभर कंपन्या ग्राहकांच्या मागे धावत होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, पुढे दरयुद्ध झाले आणि आता तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. त्यातही अनेक ठिकाणी या कंपन्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर शेजारी-शेजारी टांगलेले असतात. मनोरा टेकडीआड असेल तर तो सर्वांसाठीच टेकडीआड. मी कंपनी बदलली. जेवणाच्या मेजापाशी थोडा फरक पडला, आईच्या खोलीत नाही. आणि एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

आता आमच्या सोसायटीबद्दल. कंपन्यांना आणि सरकारला दोष देऊन थांबलो, तर ते अर्धसत्य ठरेल. सहा महिन्यांपूर्वी गच्चीवर मनोरा उभारण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आला. त्या सभेत रेंज नाही म्हणून सर्वाधिक तावातावाने बोलणारे सदस्यच मनोऱ्याच्या विरोधात होते. मनोरा हवा, पण समोरच्या इमारतीवर. किरणोत्सर्गाची भीती हे कारण. ही भीती हास्यास्पद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले होते, आणि ग्वाल्हेरमधील एक मनोरा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. तथापि चित्राची दुसरी बाजू सभेत कोणी मांडली नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॉट आहे. आणि शरीरापर्यंत पोहोचणारी बहुतेक ऊर्जा दूरच्या मनोऱ्यातून नव्हे, तर कानाला लावलेल्या मोबाइलमधून येते. सिग्नल दुबळा असेल तर दूरच्या मनोऱ्याला ऐकू जावे म्हणून मोबाइल आपली शक्ती वाढवतो. मनोरा नको म्हणणारे सदस्य रोज संध्याकाळी जिन्याच्या खिडकीत तापलेला मोबाइल कानाशी धरून उभे असतात. त्यात दोन मते मनोऱ्याच्या विरोधात का पडली, हे मला अगदी ठाऊक आहे. कारण त्यातील एक माझ्या घरातले होते.

वस्तुतः इतक्या उंच, इतक्या दाट वसाहतींना बाहेरच्या मनोऱ्याने भागत नाही. सिग्नल इमारतीच्या आत तारेने नेऊन मजल्यामजल्यावर लहान अँटेनांतून सोडावा लागतो. विमानतळांवर, मोठ्या दुकानसंकुलांत हेच करतात. प्रश्न असा की, हे करायचे कोणी आणि खर्च कोणाचा? मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ चे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिच्या भुयारी स्थानकांत प्रवाशांचे मोबाइल मुके होण्याच्या तक्रारी गाजल्या. अडचण तंत्रज्ञानाची नव्हती. आतली यंत्रणा कोणी उभारायची आणि तिच्या वापराचे किती पैसे घ्यायचे, यावर कंपन्या आणि मेट्रो प्रशासन यांच्यात एकमत नव्हते. जे मेट्रोसारख्या सरकारी प्रकल्पात, ते विकासकाच्या इमारतीत का घडणार नाही? काही विकासक एकाच कंपनीशी करार करून इतरांना आत येऊ देत नाहीत, अशा तक्रारींची दखल घेऊन 'ट्राय'ने जानेवारी २०१७ मध्येच सर्व कंपन्यांना समान प्रवेश देण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राच्या नमुना बांधकाम नियमावलीत इमारतीअंतर्गत दूरसंचार सुविधांची तरतूद झाली. नमुना नियमावली राज्यांनी स्वीकारली तरच तिला जीव. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने इमारतींना डिजिटल जोडणीचे तारांकित मानांकन देण्याचे विनियम आणले. कल्पना उत्तम आहे. पण मानांकन करून घेण्याची सक्ती विकासकावर नाही. ज्याची इमारत चांगली तो ते मिरवील, ज्याची वाईट तो गप्प बसेल.

आमच्या विक्री करारात जलतरण तलावाची लांबी, स्नानगृहातील फरशीचा आकार आणि उद्वाहनाची क्षमता नमूद आहे. मोबाइलबद्दल अवाक्षर नाही. 'महारेरा'कडे दाद मागायची, तर करारात जे लिहिलेच नाही त्याबद्दल काय मागणार?

घर घेण्यापूर्वी पाहून घ्यायला हवे होते, हे मान्य. मी घर पाहायला गेलो तेव्हा नमुना सदनिका तळमजल्यावर, रस्त्यालगत होती. तेथे मी दोन फोन केले आणि ते व्यवस्थित लागले. आमची इमारत तेव्हा पायातच होती. 'ट्राय'च्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या विनियमांनुसार कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. परंतु नकाशा सपाट असतो. त्यावर सूस रंगलेले दिसते. अकरावा मजला, पूर्वेची खोली, बंद दार यांना त्यावर जागा नाही. घर घेणाऱ्याने प्रत्यक्ष त्या मजल्यावर जावे, आतल्या खोलीत दार लावून दोन कंपन्यांच्या सिमवरून फोन करून पाहावेत. तयार इमारतीत हे शक्य आहे, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नाही.

राहायला आल्यानंतरचे मार्गही अपुरेच. बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारे सिग्नल वाढविणारे 'बूस्टर' अनेकांनी बसवले आहेत. विनापरवाना असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे, आणि ते उगीच नाही. एका घरातील बूस्टर आसपासच्या साऱ्या वस्तीच्या सिग्नलमध्ये खरखर पेरतो. आमच्याच इमारतीत असा एक असावा, असा संशय आहे. कायदेशीर उपाय म्हणजे घरातील वाय-फायवरून कॉल करण्याची सोय. २०१९-२० पासून ती आपल्याकडे मिळू लागली आणि बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये ती सेटिंगमधून चालू करता येते. ती आम्हाला उपयोगी पडली. मात्र वीज गेली की वाय-फायची पेटी बंद, पेटी बंद की फोन बंद. तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेनेच मिळत असे, हे पुष्कळांना आठवत असेल. आईचा बटणांचा साधा मोबाइल तर वाय-फाय ओळखतच नाही. आणि या व्यवस्थेत एक अन्यायही आहे : रेडिओलहरींतून सेवा देण्यासाठी कंपनी माझ्याकडून पैसे घेते आणि ती सेवा घरात पोहोचवण्यासाठी मी इंटरनेटचे वेगळे पैसे भरतो.

दाद मागण्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सुधारली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालामुळे दूरसंचार तक्रारींसाठी ग्राहक मंचाचे दार बंद झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ते उघडले. प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र, मग कंपनीचेच अपील प्राधिकरण आणि तेथेही समाधान झाले नाही तर ग्राहक आयोग, हा मार्ग आता मोकळा आहे. 'ट्राय' स्वतः व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. माझे अपील फेटाळले गेले. कारण तेच, परिसरात नेटवर्क समाधानकारक आहे. आयोगापुढे जाताना पुरावा काय न्यायचा, हा वकिलांचा पहिला प्रश्न होता. मी उणे ११८ चा आकडा दाखवला. हा आकडा किती असायला हवा होता, असे त्यांनी विचारले. घराच्या आतल्या खोलीसाठी ग्राहकाला बोट ठेवून दाखवता येईल, असा आकडा मला कोणत्याही नियमात सापडलेला नाही.

दरम्यान मोबाइलवरचे आपले अवलंबित्व वाढतच गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसऱ्या पडताळणीची अट घातली आणि बँकांनी त्यासाठी एसएमएसचा सोपा रस्ता धरला. मग आधार, प्राप्तिकर, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, गॅस सगळेच त्या रस्त्याने आले. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीच्या इतर पद्धतींनाही वाव देणारे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. सरकारी खात्यांतील आणि अनुदानाच्या योजनांतील सांकेतिक क्रमांकांना ते निर्देश लागू नाहीत.

आम्ही आईच्या खोलीत घरगुती इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळणारा साधा फोन बसवला आहे आणि त्या पेटीला वीज गेल्यावर चार तास चालेल अशी बॅटरी जोडली आहे. आई त्यावरून तिच्या बहिणीशी तासन् तास बोलते. तो क्रमांक तिच्या बँक खात्याला जोडावा म्हणून मी शाखेत गेलो. अर्जातील रकान्यात एसटीडी कोडसकट क्रमांक लिहिला. तेथील बाईंनी तो वाचला, अर्ज परत केला आणि म्हणाल्या, ''काका, इथे मोबाइलच लिहावा लागतो.''